गावाबाहेरचा तो दगड भुताचा नाही, दानाचा आहे

गाढव आणि स्त्री कोरलेल्या शिळेत भूत असून तिला हात लावणाऱ्याचा वंश बुडतो, अशी वदंता कोकणातील काही गावांत सांगितली जाते आणि आता ती छायाचित्रांसह मोबाइलवरही फिरू लागली आहे. म्हणून हा खुलासा.

अशा शिळेला गधेगळ म्हणतात. वरच्या भागात चंद्र, सूर्य आणि बहुधा कलश, मध्ये दानाचा मजकूर आणि तळाशी ते शिल्प, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान अबाधित राहावे, असा वरच्या चिन्हांचा अर्थ आहे. खालचे शिल्प ही शिवी आहे, आणि ती दगडाला शिवणाऱ्याला नव्हे, तर दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला उद्देशून आहे. अक्षरशत्रूलाही ती धमकी कळावी, इतके ते चित्र उघड आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा प्रसिद्ध मराठी शिलालेख अशाच गधेगळावर कोरलेला आहे.

भीतीपोटी या शिळांना तेल-शेंदूर फासला जातो, त्याची पुटे अक्षरांच्या खाचांत बसतात आणि मग लेख वाचता येत नाही. कृपया शिळा हलवू नये, फोडू नये. पुरातत्त्व विभागाला कळवावे.