ग्रामसभा निर्विघ्न कशी पार पाडावी

वाचकहो, गावाचे निर्णय गावानेच घ्यावेत, हा विचार इतका थोर आहे की त्याला उघड विरोध करणारा पुढारी शोधूनही सापडत नाही, आणि म्हणूनच तो अमलात येईल अशी धास्ती बाळगण्याचे फारसे कारण नाही. तरीही उद्या आपण सरपंच झालात आणि गाव खरोखरच काही ठरवू लागेल की काय या शंकेने आपली झोप उडाली, तर पुढील सल्ला उपयोगी पडावा. (आपण स्त्री असल्यास लेख यजमानांकडे द्यावा. निम्म्या जागा स्त्रियांना राखीव असल्या, तरी सरपंचाची खुर्ची कोणासाठी पुसून ठेवलेली असते हे शिपायाला ठाऊक असते.)

सर्वप्रथम, राज्यघटनेला भिऊ नये. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली, तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत शेतीपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत 29 विषय मांडले, हे ऐकून नवखे सरपंच उगाच हबकतात. त्यांनी मूळ कलम वाचावे. हे अधिकार राज्यांनी पंचायतींना द्यावेच, असे तेथे म्हटलेले नाही. विधानमंडळाला ते कायद्याने देता येतील, असे म्हटले आहे. ज्या घरी पाहुण्याला ‘चहा करता येईल’ असे सांगितले जाते, तेथे चहा केव्हा येतो, हे आपण जाणताच.

पैशाचीही चिंता नको. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडा गावाने करायचा असतो. मात्र पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती. पाणी कोणाला नको असते? पण गावाला आधी काय हवे, हे गावाला विचारण्यापूर्वीच ठरलेले असले की चर्चेचा बराच वेळ वाचतो. या रकमेला ‘बंधित’ म्हणतात, आणि शासकीय परिभाषेत इतका प्रामाणिक शब्द क्वचितच आढळतो.

आता प्रत्यक्ष सभेकडे वळू, कारण खरे कसब तेथेच लागते. वर्षातून चार सभा घेणे आपणास भाग आहे, आणि त्या न घेतल्यास पद जाऊ शकते, म्हणून त्या अवश्य घ्याव्यात. सात दिवस आधी सूचना देण्याचा नियमही पाळावा. सूचनाफलक ग्रामपंचायत कार्यालयाच्या आत असावा आणि कार्यालयाला कुलूप असावे, एवढेच पाहावे. सभा खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवल्यास उत्तम. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात, म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर पुरतात. शंभरही जमले नाहीत तर निराश न होता मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलावा, कारण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच राहत नाही. पहिल्या सभेला लोक आले नाहीत म्हणून सभा होत नाही, आणि दुसरीला लोक नसले तरी ती होते. लोकशाहीला लोकांच्या अडचणीतून इतक्या अलगद सोडवणारी तरतूद ज्याने सुचवली, त्याला साष्टांग नमस्कार घालावा. त्यानंतर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. ठराव एकमताने मंजूर होतो, आणि हजेरीच्या सह्या संध्याकाळी शिपाई घरोघर जाऊन आणतो.

गावातील बायका दारूचे दुकान बंद करा म्हणून उभ्या राहिल्या, तर मात्र त्यांना चुकूनही अडवू नये. उलट, हा निर्णय सर्वस्वी आपल्या हाती आहे, असे त्यांना तोंड भरून सांगावे. महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांचे निवेदन द्यायचे, त्या सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान: दुकान राहावे असे वाटणाऱ्यांसाठी उभी बाटली, नको असेल तर आडवी. खुबी यापुढे आहे. आडव्या बाटलीला मतदानास आलेल्या बायकांच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे लग्न होऊन गाव सोडलेली लेक, ऊसतोडीला गेलेली सून आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली, परंतु यादीत अद्याप हयात असलेली आजी या तिघीही घरबसल्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार होण्यासाठी एवढी मते लागत नाहीत. एवढे असूनही काही गावांतील बायकांनी बाटली आडवी केलीच; त्यांच्या गावांची पाणंदही आपल्या शिवारातून जात नाही ना, याची खातरजमा करून घ्यावी.

संगतीचा विषय निघालाच आहे, तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे आपल्या गावकऱ्यांची अभ्याससहल कधीही नेऊ नये. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इतर गावे भिंतीवर रंगवून थांबली असती. त्या गोंड वस्तीने ती खरी मानली. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत लोक बोलत बसतात, आणि सभेआधी अभ्यासगटात कायदे वाचतात. वाचणारे गाव कोणत्या थराला जाते पाहा: वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांनी सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला आणि मग स्वतःचा बांबू स्वतः विकायला काढला. वनखात्याने वाहतूक परवाना देण्यास नकार देऊन शर्थ केली, बांबू हे गवत (म्हणजे गावाचे) की झाड (म्हणजे खात्याचे) या प्रश्नावर देशाने बराच काळ खल केला, पण अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना परवान्यांचे पुस्तक घेऊन त्या गावात यावे लागले. मंत्री गावात येतो तो भूमिपूजनासाठी, हा प्रघात तेथे मोडला.

ओडिशातील नियमगिरी डोंगराची गोष्टही सभेत निघू देऊ नये. बॉक्साइटच्या खाणीबाबत ग्रामसभांना विचारा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, राज्य सरकारने विचारण्यासाठी 12 गावे निवडली, आणि बाराच्या बारा गावांनी नकार दिला. उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारल्याचा हा परिणाम.

आपल्या गावातही कायद्याची प्रत पिशवीत घेऊन येणारा एखादा निवृत्त गुरुजी असेलच. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना तंटामुक्ती समितीचे अध्यक्षपद देऊ करावे. त्या पदावरून गावात इतके तंटे होतात की गुरुजींना वाचनाला सवड उरत नाही. तरीही ते हात वर करून उभे राहिलेच, तर नम्रपणे सांगावे, ‘गुरुजी, आपला मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.’ तो विषय पत्रिकेवर सर्वांत शेवटी असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ असतो, आणि तोपर्यंत ग्रामसेवक भाऊसाहेबांची एसटी चुकण्याची वेळ झालेली असते.