आजोबांचे दोन जन्म

आमचे आजोबा दोनदा जन्मले आणि आजी, कागदावर विश्वास ठेवायचा तर, अजून वारलेलीच नाही. हा शोध पुतणीच्या जात पडताळणीमुळे लागला. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, सोबत वंशावळ लागते, आणि वंशावळीतल्या प्रत्येकाने आपल्या बापाचाच मुलगा असल्याचं कागदाने सिद्ध करावं लागतं. घरात रिकामा माणूस मी. काम माझ्याकडे आलं.

जुना जन्म शोधायचा म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. ते असतं तहसीलच्या अभिलेख कक्षात, आणि आमच्या गावचं होतं मोडी लिपीत. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत आणि कोतवालाचा हात शक्यतो उचलत नाहीत. पानामागे पैसे घेणारे एक मोडी वाचक गाठले. त्यांनी भिंग लावून वाचलं : १४ सप्टेंबर १९२१, बापाचं नाव बरोबर, जातीचा रकाना बरोबर, अपत्य : ‘मुलगा’.

“नाव?”

“नाव नाही. बारशाआधीच कळवायचे लोक.”

आजोबा ते हेच कशावरून? शाळेच्या जनरल रजिस्टरात ते धोंडीराम, जन्म १ जून १९२२. त्या काळच्या मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलंय, त्यामुळे तारखेचं दुःख मी मनावर घेतलं नाही. पण सातबाऱ्यावर ते धोंडीबा, सोसायटीच्या कर्जात धोंडू. कर्जाच्या पावत्या मात्र एकूण एक जपलेल्या.

धोंडू का, तेही त्याच बुकात सापडलं. आजोबांच्या आधी त्याच बापाच्या नावावर आणखी दोन ‘मुलगा’ होते, आणि थोड्या पानांनी मृत्यूच्या नोंदीत तेच दोघे. म्हणून तिसऱ्याला दगडाचं नाव, नजर लागू नये म्हणून. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आईनं एकदा सांगितलं होतं,” आणि लसूण सोलत राहिली. घरातल्या इतर कुणाला त्या दोघांचा पत्ताच नव्हता.

शेवटी वकिलांनी प्रतिज्ञापत्र केलं : धोंडू, धोंडीबा, धोंडीराम व सदरचा ‘मुलगा’ ही एकच व्यक्ती आहे. १९२१ साली मी तिथे नव्हतो, तरी सत्यावर शपथ माझीच.

हात फिरतोच आहे तर आजीचंही उरकावं, असं वाटलं. आजी माहेरची यमुना, लग्नात तांदळात नाव काढलं लक्ष्मी, आणि गावभर बायजा. १९८४ साली ती गेली तेव्हा ज्याने ग्रामपंचायतीत कळवलं त्याने बायजाबाई सांगितलं. म्हणजे बायजाबाई वारल्या, लक्ष्मीबाई सातबाऱ्यावर ठणठणीत. लग्नाचा दाखला म्हणाल तर तो नाहीच. १९४१ साली दाखला कोण काढतो! होती ती अहेराची वही. शके १८६३, वैशाख, आणि पुढे कोणी तांब्या दिला, कोणी सव्वा रुपया, कोणी नुसताच नारळ. आमच्या घराण्यात एकही खाडाखोड नसलेला दस्तऐवज एवढाच. तो सरकार मानत नाही.

मृत्यूची नोंद दुरुस्त करायला गेलो. ग्रामसेवक सभ्य माणूस.

“दुरुस्ती होईल काका, पण मूळ नोंद खोडता येत नाही. १९६९ चा कायदा, कलम १५. समासात लिहायचं, खाली सही-तारीख.”

“पण मूळ नोंद चुकीची आहे ना?”

“आहे की. म्हणून तर बाजूला बरोबर लिहितो.”

म्हणजे चूक मधोमध, ठळक, आणि खरं कडेला, बारीक अक्षरात. मला हा कायदा फार आवडला. खोडरबर हातात आला असता तर आमच्या भावकीने पूर्वज राजवाड्यात जन्माला घातले असते आणि बांधाचे शेजारी मुळात जन्मू दिले नसते.

वंशावळ टाइप होऊन आली. वाचायला म्हणून आत्याच्या हातात दिली. चष्मा पुसून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“माझं नाव कुठाय?”

“आत्या, यात फक्त बापाकडून मुलाकडे असंच उतरत यायचं असतं. तुझं लागत नाही.”

“लागत नाही? धोंडू का धोंडीबा हे तुला सांगितलं कुणी? बायजा कोण हे सांगितलं कुणी?”

“तूच, पण…”

“पेन आण. समासात जागा आहे की.”

आणि तिने लिहिलं. पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, खाली सही आणि तारीख. वकिलांनी ते बघून डोक्याला हात लावला आणि नव्याने टाइप करायचे पैसे वेगळे घेतले.