आवड नाही, की हातात सोल्डरिंग गनच दिली नाही?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझ्या थोरल्या भावाने एक मजकूर पुढे ढकलला. रोबोटिक्सच्या संघात मुलींवर अन्याय होतो ही निव्वळ ओरड आहे, असे सांगून त्यात चार कारणे दिली होती: मुलींना यंत्रांची उपजत आवड नसते, सादरीकरणात त्या सरस असल्याने तेच काम त्यांना मिळते, रात्री त्या थांबत नाहीत, आणि आयआयटीत वीस टक्के जागा मिळाल्यावर त्यांनी तक्रार करू नये. त्याच गटात दादाची मुलगी आहे. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या रोबोकॉन (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोटांची स्पर्धा) संघात आहे. तिने मजकूर वाचला आणि अक्षरही लिहिले नाही, म्हणून आत्याला लिहावे लागत आहे.

सादरीकरणापासून सुरुवात करते, कारण कौतुकासारखा दिसणारा हाच मुद्दा सर्वाधिक नुकसान करतो. भाचीने पहिल्या वर्षीच मोटर ड्रायव्हरची, म्हणजे रोबोटची मोटर चालवणाऱ्या सर्किटची, जोडणी शिकून घेतली होती. चाचणीच्या दिवशी एक वायर सुटली तेव्हा ती डाग देऊन वायर जोडण्याची सोल्डरिंग गन तापवून बसली होती. "दे इकडे, पोळशील," असे म्हणत एका सीनियरने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला प्रायोजकांना फोन करायला बसवले. वर्षभर फोन, अहवाल आणि पोस्टर केल्यावर ती त्यात सरस झाली, यात नवल ते काय? यंदा इलेक्ट्रॉनिक्सचे काम मागितल्यावर मात्र "तुझा हात बसलेला नाही," असे तिला ऐकवण्यात आले.

उपजत आवडीबद्दल एकच दाखला देते. 2012 साली येल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील 127 विज्ञान-प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठीचा एकच अर्ज तपासायला दिला, काहींना जॉनच्या नावाने आणि काहींना जेनिफरच्या. मजकूर शब्दशः तोच असूनही जेनिफर कमी सक्षम ठरली. जॉनला सरासरी 30,238 डॉलर, तर तिला 26,508 डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला, आणि स्त्री-प्राध्यापकही याला अपवाद नव्हत्या. जेनिफरची आवड कमी असल्याचे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. (जाता जाता: 2014 साली रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा विषयच पालकत्वाचा होता आणि मोठ्या रोबोटने छोट्याला उचलून झोका, सीसॉ खेळवायचे होते. त्या वर्षी बाळ सांभाळणे हे बायकी काम असल्याचे कोणाला आठवले नसावे.)

आयआयटीतील जागा 2018 पासूनच्या असून त्या अधिसंख्य, म्हणजे मूळ जागांवर वाढवलेल्या आहेत. त्यांनी कोणाच्या मुलाची जागा घेतलेली नाही, आणि भाचीचे महाविद्यालय मुळात आयआयटी नाही.

मुली रात्री थांबत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागते. स्पर्धेआधीच्या महिन्यात मुले पहाटे तीनपर्यंत वर्कशॉपमध्ये असतात आणि यंत्र खरोखर त्याच वेळात उभे राहते. पण मुलींच्या वसतिगृहाचे फाटक साडेआठला बंद होते, आणि उशिरापर्यंत थांबायचे असेल तर वडिलांच्या सहीचे संमतिपत्र द्यावे लागते. ते पत्र जानेवारीत दादाकडे आले होते. "रात्रीबेरात्री कशाला?" असे म्हणून त्याने ते टेबलाच्या खणात ठेवले, ते आजही तिथेच आहे.