तो नवा

सोमवारी रात्री जेवायला बसलो तर ताटात नुसता वरण-भात. भाजी नाही, पोळी नाही, लोणच्याची बरणीसुद्धा कपाटातच. आईचा चेहरा बघून वाटलं, सांगलीहून काही वाईट बातमी आली असावी. बायकोला हळूच विचारलं, "काय झालं गं?" ती त्याहून हळू म्हणाली, "हिरो बदलला."

आमच्या घरात मालिकांना नाव नसतं, लोकलसारखी वेळ असते. साडेसातची, आठची, साडेआठची. मी ऑफिसातून डोंबिवलीला घरी पोचतो सात सत्तेचाळीसला. तेरा मिनिटांत जेवलो तर जेवलो, नाहीतर मग थेट साडेआठनंतर. मधल्या अर्ध्या तासात आमच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक असते. आई अध्यक्ष, शेजारच्या काकू चिटणीस, आणि मावशी सांगलीहून फोनवर, स्पीकर लावून. बायको "मी नाही बघत हं असलं काही" असं म्हणून टीव्हीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालते आणि पाठीने सगळं बघते. बाबा कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसतात. परवा मी डोकावून पाहिलं, तर आडव्या सातमध्ये त्यांनी खलनायिकेचं नाव लिहून ठेवलं होतं. चपखल बसलंही होतं.

मावशीचा एक तांत्रिक घोटाळा आहे. कशामुळे कोण जाणे, पण तिच्या टीव्हीवरचं चित्र आमच्यापेक्षा तीन-चार सेकंद पुढे असतं. त्यामुळे आमच्याकडे नायिका अजून जिन्याच्या वरच्या पायरीवर हसत उभी असते, आणि फोनमधून आवाज येतो, "अगं बाई, पडली!" मग ती पडते. नवऱ्याने कोणाचं नाव घेतलं, पत्र कोणाच्या हाती लागलं, दारात कोण उभं आहे, हे सगळं आम्हाला आधी सांगलीहून कळतं. आईला त्याचा राग येत नाही. रहस्य-बिहस्य तिला नकोच असतं. तिला चुका काढायच्या असतात, आणि पुढचं माहीत असलं की चुका जास्त नीट दिसतात.

त्या चुका काढणं साधंसुधं नसतं. नायिका रात्री नथ घालून झोपते, हे तर कुणीही सांगेल. आई गेल्या आठवड्यात म्हणाली, "ही पिठलं ढवळतेय, आणि हातात झारा!" मी निरखून बघितलं. खरंच झारा होता. कढई किंचित कलली तेव्हा आत काहीच नव्हतं, हेही दिसलं. "गॅसही पेटलेला नाही," बायको पाठीने म्हणाली. काकूंचा विषय भाषा. नायिका कोल्हापूरकडची, गरीब घरातली. एका वाक्यात 'न्हाई वो' म्हणते आणि पुढच्याच वाक्यात 'माझ्या भावनांचा आदर करा' म्हणते. मावशीला हे वर्मी लागतं. "आमच्याकडं असं कोणबी बोलत नाही," ती फोनवरून ओरडते. "आदर-बिदर कसला, थेट चप्पल काढतात."

आणि हिरोची आई! तो बत्तीसचा, ती फार तर अडतीसची. आईने हिशेब मांडला आणि सभ्यपणे तिथेच थांबली.

प्रेमप्रकरणाचं खातं काकूंकडे. दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी नोंदी ठेवल्या आहेत. नायिका वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढते, स्टूल डगमगतं, हिरो झेलतो, तिचा पदर त्याच्या घड्याळात अडकतो, आणि दोघं एकमेकांकडे इतका वेळ बघत राहतात की मी कोशिंबीर संपवून ताक पितो. असे अकरा प्रसंग झाले. "अकरा!" काकू म्हणतात. "घरात एवढे नोकर, एक शिडी आणवत नाही?" लग्न होऊन दोनशे भाग झाले तरी दोघांनी एकमेकांना 'जेवलास का' म्हणून विचारलेलं नाही. लग्न कराराचं आहे म्हणे. आईचं म्हणणं, करारातसुद्धा जेवणाचं कलम असतं.

आईच्या बोलण्याला वजन आहे, कारण अनुभव मोठा आहे. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात रिमोट तिच्याकडे आहे. 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी ही तिची फूटपट्टी. नंतरच्या प्रत्येक नायिकेला तिने त्या पट्टीने मोजलं आणि इंचभर कमीच भरवलं. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू होऊन २०१३ ला संपली, तीन हजारांच्या वर भाग. तेवढ्यात मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, लग्न केलं. माझ्या लग्नाची तारीख आई आजही त्या मालिकेतल्या घडामोडींवरून सांगते.

२०१८ मध्ये 'तुला पाहते रे' आली तेव्हा मंडळात उभी फूट पडली होती. नायक नायिकेच्या दुप्पट वयाचा. आईचा कडक विरोध. काकू म्हणाल्या, "तत्त्व म्हणून मलाही मान्य नाही. पण सुबोध भावे आहे ना." यावर आईकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर दोघी बोलत नव्हत्या. बघत मात्र एकत्रच होत्या.

तर, हिरो बदलला. शुक्रवारी त्याला अपघात झाला, तोंडाला पांढरी पट्टी बांधली. सोमवारी डॉक्टरांनी हळूहळू पट्टी सोडली, ढोल वाजले, सगळ्या नातेवाइकांचे चेहरे तीनतीनदा दाखवले, आणि आतून दुसराच माणूस निघाला. मालिकेतल्या एकालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे हाहाकार. मावशी तर चार सेकंद आधीपासूनच किंचाळत होती.

"हा कोण?" आई म्हणाली.

"तोच तो," मी म्हटलं.

"तो नव्हे. हा नवा."

मग पूर्वीचे निवाडे निघाले. वकिलांनी जुने खटले काढावेत तसे. काकूंनी सुरुवातच 'क्योंकि'पासून केली. २००१ साली मिहिर मेला, देशभर रडारड झाली, त्याला जिवंत करावं लागलं. पुढे अमर उपाध्यायचा इंदर कुमार झाला आणि इंदर कुमारचा रोनित रॉय. "लोकांना झाली ना सवय?" आईने 'अग्गंबाई'चा दाखला दिला. २०२१ मध्ये 'सासूबाई'ची 'सूनबाई' झाली, तेव्हा तेजश्री प्रधानची शुभ्रा उमा पेंढारकर झाली आणि आशुतोष पत्कीचा बबड्या अद्वैत दादरकर झाला. "आसावरी तेवढी तीच. पोटचा पोरगा बदलला, सून बदलली, आणि बाई शांतपणे चहा गाळतेय!" बायको घड्या घालता घालता म्हणाली, "'माझ्या नवऱ्याची बायको'तली शनाया बदलली होती, पण रसिका सुनील परत आली ना दोन वर्षांनी." बाबांनी शब्दकोड्यातून मान वर केली. "राधिकावाली ना? चांगली होती ती." सगळे गप्प झाले.

मंगळवारी आईने पुरावाच शोधला. मागच्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतही आता नवाच होता. मी उठून टीव्हीजवळ गेलो. नायिकेचा मेंदीभरला हात त्याच्या खांद्यावर तसाच होता, शेरवानीही तीच. मान मात्र गव्हाळ आणि त्यावरचं तोंड गोरं. चिकटवलं होतं. "मेलेल्या माणसाचाही फोटो कुणी असा काढून टाकत नाही," काकू म्हणाल्या, आणि क्षणभर मलाही गलबलून आलं. एरवी मला जुन्याचं नावही आठवत नव्हतं.

बुधवारी आईने बहिष्काराची घोषणा केली. आठवडाभर आठची बंद, टीआरपी पडू दे. टीआरपी दर गुरुवारी येतो, हे काकूंना तोंडपाठ आहे. तिथे मी एक चूक केली. मी सांगितलं, की तो आकडा देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात, आणि आपल्याकडे तसला मीटर नाही. तू बघ नाहीतर नको बघूस, कुणाला कळणार नाही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. विजेचा मीटर आहे, पाण्याचा आहे, गॅसचाही बसला. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी भाज्या करपवल्या त्याचाच नाही! "म्हणजे मी बघतेय ते कुणीच मोजत नाही?"

"नाही."

"मग कशाला सोडू?" असं म्हणून तिने टीव्ही लावला.

खरं सांगायचं तर मला लिहिणाऱ्यांची दया येते. आठवड्यातले सहा दिवस, रोज बावीस मिनिटं भरायची. त्यात कुणाला नाटकाचा दौरा, कुणाला सिनेमा मिळालेला. माणूसच हातातून निघून गेला तर पट्टीशिवाय दुसरं काय बांधणार? हे मी एकदा मंडळासमोर बोलून बघितलं. "तू त्यांच्या बाजूचा का आमच्या?" आईने विचारलं. माझा हात तेव्हा पोळीच्या डब्याकडे गेलेला होता. मी म्हटलं, तुमच्या.

शुक्रवारी त्या दोघांच्या प्रेमाची कबुली होणार होती. आठवडाभर जाहिरात चालू होती. आठला दोन मिनिटं कमी असताना लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि स्वयंपाकघरातली ट्यूब चालते, टीव्ही नाही. मी मोबाईल पुढे केला. आईने तो लांब धरून पाहिला आणि परत दिला. "एवढ्याशात साडीचे काठ दिसत नाहीत."

सांगलीत मात्र लाईट होती.

"सांग गं," आई फोनला म्हणाली. मावशी सांगू लागली. "तो तिच्या खोलीत आला."

"दार वाजवून?"

"नाही. तसाच."

"मग परत पाठव त्याला."

दोन सेकंद शांतता. मग मावशी म्हणाली, "बरं. वाजवलं त्यानं."

"आता ती काय करते?" काकूंनी विचारलं.

"ती स्टुलावर..."

"उतरव तिला!" तिघी एकदम.

मावशीने तिला उतरवलं. बायकोने घड्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, तिच्या तोंडी ते आदरबिदर नको, सरळ बोलू दे. मावशीने सांगलीच्या भाषेत असं काही सुनावलं त्याला, की बाबा मोठ्याने हसले. अंधारात चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे त्याला कोणी नवा म्हणत नव्हतं. मीही राहवेना म्हणून बोललो, "मावशी, दिवसभर ऑफिसातून दमून आलाय तो. तिला म्हणावं, जेवलास का विचार."

"विचारलं," मावशी म्हणाली.

"काय वाढलं?" आईने विचारलं.

"पिठलं."

"पळीने?"

"पळीने गं बाई."

शनिवारी मी घरी होतो. दुपारी कालचा भाग पुन्हा दाखवतात. आई जेवण उरकून समोर बसली, पदर खोचून. पडद्यावर तो न विचारता खोलीत शिरला, ती स्टुलावरून पडली, त्याने झेललं, पदर घड्याळात अडकला. आईने पाच मिनिटं बघितलं, आवाज बंद केला आणि सांगलीला फोन लावला.

"अगं, हे बघ काय दाखवतायत," ती म्हणाली. "काल असं नव्हतं झालं."