‘रात्रभर चालेल’ म्हणून दिलेली बॅटरी चार तासांत बंद पडली, त्याबद्दल

दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना समोर बिलाची स्थळप्रत ठेवली आणि मग जरा गप्प झालो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. अण्णांच्या सीपॅप मशीनसाठी (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) तुम्ही आमच्याकडून ३०० वॉट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा, नेलं. काउंटरवर ‘रात्रभर चालेल’ असं सांगितलं गेलं. जानेवारीत डीपी जळाला, रात्री साडेअकराला लाइट गेली आणि साडेतीनला मशीन बंद पडलं. अण्णा घाबरून उठले. सकाळी फोन केला, तर ‘ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) बंद ठेवा’ असं उत्तर मिळालं आणि खोकं फोडलंय म्हणून माल परत घ्यायलाही नकार. शिवाय घरात इन्व्हर्टर असताना महागाची वस्तू गळ्यात मारली.

चार तासांचं खरं आहे आणि चूक आमची आहे. मशीनच्या अडॅप्टरवर ९० वॉट लिहिलेलं होतं. आमचा मुलगा म्हणाला, तो जास्तीत जास्तीचा आकडा आहे, एवढी वीज लागत नाही. तेही खरंच. पण मग लागते किती, हे त्याने विचारलंच नाही. त्याच्या डोक्यात मे महिन्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाचा हिशेब होता, आणि त्यांचं मशीन पाण्याच्या टाकीशिवाय चालायचं. अण्णांच्या मशीनला पाणी तापवणारी टाकी आहे आणि वर गरम होणारी नळी. निफाडकडची जानेवारीतली रात्र म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. खोली जितकी गार, तितकं हीटरला जास्त राबावं लागतं.

रिव्ह्यू वाचल्यावर तसंच मशीन आणून वॉटमीटरवर लावलं. टाकी आणि नळी दोन्ही गरम ठेवून ६० वॉटच्या आसपास. दोन्ही बंद केल्यावर नुसता हवेचा पंखा जेमतेम १५ वॉट. म्हणजे रोगावरचं काम पाव विजेत होतं, बाकी सगळी जाते हवा कोमट आणि ओलसर करण्यात. त्यात तुम्ही मशीन पॉवर स्टेशनच्या घरच्यासारख्या सॉकेटला लावलं होतं. बॅटरीची डीसी वीज आधी २३० व्होल्ट होते, मग अडॅप्टर तिची परत २४ व्होल्ट डीसी करतो. या उलटसुलटीत ३०० मधले साधारण २४० हाती उरतात. २४० भागिले ६०, चार तास. तुमचं घड्याळ अगदी बरोबर होतं.

मशीन कंपनीचा १२ व्होल्टवरून २४ करणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो. तो पॉवर स्टेशनच्या गाडीसारख्या सॉकेटला लावला आणि हीटर बंद ठेवला, तर हाच डबा रात्र काढून वर उरेल. तो कन्व्हर्टर आम्ही सोबत दिला नाही, ही दुसरी चूक.

ह्युमिडिफायर बंद ठेवण्याचा सल्ला मात्र चुकीचा नव्हता, सांगण्याची पद्धत चुकली. हवेचा दाब तेवढाच राहतो, घसा आणि नाक कोरडं पडतं. एखाद्या रात्रीपुरतं अण्णांना ते चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही बॅटरीवाले, ते ठरवणारे आम्ही नाही. आणि मशीन थांबलंच तर मास्क लगेच काढायचा, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

इन्व्हर्टरचं अर्धं मान्य. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज घरच्या लाइटसारखी सलग लहरीची नसते, त्यावर असलं मशीन लावू नका असं मी स्वतः सांगितलं होतं आणि आजही तेच सांगेन. अडॅप्टर गरम होतो, गुणगुणतो, आणि कंपन्याही प्युअर साइन वेव्हच, म्हणजे घरच्या लाइटसारखी वीजच मागतात. पण अण्णा मशीन घेऊन कुठे प्रवास करत नाहीत, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतं. तिथेच मी थांबायला हवं होतं. घरात एका जागी वापरायला १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर) ची ट्यूब्युलर बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच सरळ उपाय. कागदावर १२ गुणिले १५०, १८०० वॉट-अवर. निम्मेच वापरायचे धरले, वर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला, तरी हीटरसकट दहा तास निघतात. फक्त तुमच्या आत्ताच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षांची आहे. तिच्यात आता किती जीव आहे ते लोड लावून बघावं लागेल, वरच्या स्टिकरवर जाऊ नका.

तर पॉवर स्टेशन परत आणा, खोकं नसलं तरी चालेल. पूर्ण पैसे परत घ्या, नाहीतर ते साइन वेव्ह इन्व्हर्टरमध्ये वळते करू. डबाच ठेवायचा असेल तर कन्व्हर्टर आमच्या खर्चाने. इन्व्हर्टरची बॅटरी तपासायला माणूस घरी येईल, त्याचे पैसे नाहीत. काउंटरवर आता तासांचा आकडा मशीन मीटरवर लावल्याशिवाय कोणी सांगत नाही, मुलालाही नाही आणि मलाही परवानगी नाही.

येताना अण्णांचं मशीन, अडॅप्टर आणि नळी सोबत आणा. पाण्याची टाकी तेवढी रिकामी करून. परवाच एकाने भरलेली टाकी तशीच मोटारसायकलवर आणली आणि पाणी मशीनमध्ये उतरलं.