काम आहे, करणारे नाहीत? सोलापूरविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापूर जिल्ह्यातील रोजगाराविषयी एक लांबलचक संदेश गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: जिल्ह्यात बेरोजगारी जेमतेम 3 टक्के आहे, म्हणजे ज्याला काम हवे त्याला ते मिळते, गिरण्या कामगारांच्या संपांनी बुडवल्या, ‘लाडकी बहीण’च्या पैशांमुळे बायका कामावर येत नाहीत, साखर कारखाने हजारोंना पोसत आहेत, आणि आता विमानतळ झाल्यामुळे उरलेला प्रश्नही सुटेल. माझा भाचा पदवी घेऊन नोकरी शोधत आहे. त्याला हा संदेश त्याच्या सख्ख्या काकांनी पाठवला आणि खाली ‘वाच आणि विचार कर’ अशी पुस्ती जोडली. विचार त्याने केलाच आहे. आता संदेश पुढे ढकलणाऱ्यांनीही थोडा करावा.

सर्वांत आधी ते 3 टक्के. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, जुलै 2023 ते जून 2024 या वर्षासाठी 15 वर्षांवरील व्यक्तींचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आला होता. तो संपूर्ण देशाचा आहे, सोलापूरचा नाही. त्या वेळच्या पाहणीचा नमुना जिल्हा हा पायाभूत घटक धरून आखलेलाच नव्हता; तो बदल जानेवारी 2025 पासून झाला. म्हणजे देशाचा आकडा उचलून त्यावर सोलापूरचे नाव चिकटवण्यात आले आहे.

पण आकडा खरोखरच सोलापूरचा असता तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचाच ठरला असता, आणि माझा खरा राग येथे आहे. हा दर ज्या व्याख्येवर उभा आहे तिच्यानुसार वर्षाचा बराचसा काळ काम शोधत फिरलेल्या माणसाने त्याच वर्षात 30 दिवस किंवा त्याहून अधिक काळ काहीही काम केले असेल, तर तो बेरोजगार राहत नाही, कामकरी ठरतो. घरच्या दुकानात किंवा मागावर पगाराविना हातभार लावणारा मुलगाही कामकरीच ठरतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एखाद्या घरात पाने कापून, तंबाखू भरून विड्या वळणारी बाई, जिला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, ती तर या मोजणीत ‘स्वयंरोजगार’ करणाऱ्यांत जमा होते, कारण घरबसल्या दुसऱ्यासाठी माल करून देणाऱ्यांना त्याच गटात धरले जाते. त्याच पाहणीनुसार देशातील कामकऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात होते, तर नियमित वेतन किंवा पगार मिळवणारे 21.7 टक्के. 15 ते 29 या वयोगटातील बेरोजगारी 10.2 टक्के होती. संदेश लिहिणाऱ्याने 3 टक्के तेवढे वाचले आणि हे सारे शेजारचे आकडे सोडून दिले. पाहणी खोटी आहे असे मी म्हणत नाही. माणूस काही ना काही करतो आहे का, एवढेच हा दर सांगतो. त्या कामावर घर चालते का, हे तो सांगत नाही, आणि सोलापूरचा प्रश्न नेमका तोच आहे.

गिरण्यांबद्दलचे विधान ज्याने लिहिले त्याने बहुधा 1982 चा मुंबईचा संप सोलापुरात आणून बसवला आहे. येथील जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ऑगस्ट 1949 मध्ये संचालकांनीच नोटीस देऊन बंद केली होती. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्या वटहुकुमाच्या प्रस्तावनेत कारण स्पष्ट नोंदवले आहे: गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनावर विपरीत परिणाम झाला आणि समाजातील एका घटकात गंभीर बेकारी निर्माण झाली. हे शब्द कामगार संघटनेच्या पत्रकातील नाहीत, सरकारच्या कायद्यातील आहेत. पुढे डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही कारवाई टिकली नाही, पण ती भरपाईच्या मुद्द्यावर; गिरणी उत्तम चालली होती असे न्यायालयाने म्हटले नव्हते. नंतर बंद पडलेल्या इतर गिरण्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांत संपांचा वाटा शून्य होता असा दावा मी करणार नाही, परंतु सगळे खापर कामगारांच्या माथी फोडायचे तर आधी ही प्रस्तावना वाचावी.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. चादरी आणि टॉवेल काढणाऱ्या यंत्रमागधारकांना माणसे मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. परंतु बारा-बारा तासांची पाळी, कान बधिर करणारा खडखडाट आणि नगावर मोजलेली मजुरी पाहून विणकराचाच मुलगा मागापासून दूर जात असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी मजुरीचा दर तपासावा. माल महागला की सुताचा भाव वाढला म्हणून सांगायचे आणि माणूस मिळेनासा झाला की पिढी बिघडली म्हणायचे, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

‘लाडकी बहीण’चे तर्कशास्त्र याहून विचित्र आहे. महिन्याला 1500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. एवढ्यावर कोणती बाई शेतातली किंवा मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याची मजुरी सोडून घरी बसेल? तोडणीच्या दिवसांत मजूर कमी पडतात हे खरे, पण ऊस आणि द्राक्षे यांची कामे त्याच महिन्यांत येतात आणि ही ओढाताण जुलै 2024 मध्ये योजना येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ऊसतोड तर मुख्यतः उचल घेऊन आलेल्या बाहेरच्या टोळ्याच करतात. आणि समजा या पैशांच्या आधाराने एखादीने अगदीच पडेल दराच्या कामाला नकार दिला, तर त्यात जिल्ह्याचे नुकसान काय झाले?

साखर कारखाने जिल्ह्यात 30 हून अधिक आहेत आणि त्यांचा आधार मोठा आहे, यात वाद नाही. मात्र गाळप चालते चार-पाच महिने, आणि हंगामी कामगाराला उरलेल्या काळात पूर्ण पगार नसतो. अशाच एखाद्या कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन महिने काम करून परतलेला मुलगा वर उल्लेखलेल्या व्याख्येनुसार ‘कामकरी’ असतो.

विमानतळाचे नव्याने उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झाले आणि विमाने सुरू झाली, हे चांगलेच आहे. व्यापाऱ्यांची सोय होईल. त्याने किती जणांना, कोणत्या पगारावर काम मिळणार, याविषयी संदेशात एक ओळही नाही, त्यामुळे खोडून काढण्यासारखे तेथे काही सापडत नाही.