गोदावरीचे पाणी नेमके कुठून येते? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. गोदावरीचे बहुतांश पाणी विदर्भ आणि छत्तीसगडमधील बस्तरकडून येते, या माझ्या विधानाने उगमाचे महत्त्व नाकारले जाते, क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे, आणि तेलंगणातील भद्राचलमचा पूर नाशिकच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे येतो, असे आपले म्हणणे आहे.

क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे, हे मान्यच आहे; मात्र हा मुद्दा आपल्या बाजूने नसून माझ्या बाजूने जातो. त्र्यंबकेश्वरला धो धो पाऊस पडत असला, तरी सह्याद्री ओलांडताच थोड्याच अंतरात तो झपाट्याने घटतो आणि अहिल्यानगर, पैठणपर्यंतचा बराचसा पट्टा पर्जन्यछायेत येतो. गोदावरीच्या सुमारे ३,१२,८०० चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी पैठणच्या जायकवाडी धरणाच्या वरच्या अंगाला जेमतेम २१,७५० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सुमारे ७ टक्के. याउलट वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी एकत्र आणणाऱ्या एकट्या प्राणहितेचे खोरे त्याच्या सुमारे पाचपट आहे, आणि त्याच्या पूर्वेकडील भागात पाऊसही कितीतरी अधिक पडतो. सिरोंचाजवळ दोन्ही प्रवाह भेटतात, तेव्हा नाव गोदावरीचे राहते. नाव कोणत्या धारेला द्यायचे हे परंपरेने ठरते, त्यात पाणी मोजलेले नसते. (बैतूल जिल्ह्यातील मुलताईलाही वर्धेच्या उगमाचा तितकाच अभिमान असेल.)

आता पुराकडे वळू. गंगापूर, दारणा, भंडारदरा येथून सुटणारे पाणी आधी जायकवाडीत येते, आणि १९७६ साली पूर्ण झालेला तो विशाल जलाशय भरल्याखेरीज ते सहसा पुढे जात नाही. भद्राचलम मात्र प्राणहिता आणि बस्तरमधून येणारी इंद्रावती या दोन्हींच्या संगमांच्या खाली वसलेले आहे, आणि या दोन नद्यांवर जायकवाडीसारखा पूर अडवणारा मोठा जलाशय संगमाजवळ नाही. त्यामुळे गडचिरोली आणि बस्तरमध्ये एकाच वेळी अतिवृष्टी झाली, की तेथील पाणी थेट खाली धावते.

तरीही एका ठिकाणी नाशिकच्या पावसाचे महत्त्व आपण म्हणता तितकेच, किंबहुना अधिक आहे, आणि ते ठिकाण म्हणजे पैठण. मराठवाड्यासाठी जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावरून नाशिक-अहिल्यानगरशी दर दुष्काळी वर्षी उभा राहणारा वाद याच ७ टक्क्यांतला आहे. तिथे प्राणहितेचे मुबलक पाणी काहीही कामाचे नाही, कारण ते पैठणच्या कितीतरी खाली नदीला मिळते.